डॉ. भीमराव आंबेडकर आणि विद्येची गोडी

महाड शहरीं येणारा पाहुणा प्रथम चवदार तळ्याची वाट विचारतो. त्या तळ्याचें पाणी डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांनीं २० मार्च १९२७ रोजीं आपल्या बांधवांसह प्राशन केलें, हें येथील लहान मूलहि जाणतें. परंतु त्या पाण्याच्या कथेमागें विद्येचीहि एक कथा आहे. ती ह्या जुबिली-अंकाच्या वाचकांस, विशेषतः आईबापांस, सादर करावी असें आम्हांस वाटलें. मुलें शाळेंत जातात खरीं, पण त्यांचें मन तेथें कां रमत नाहीं, ही चिंता महाडास आहे तशीच पोलादपूरच्या डोंगरवाड्यांवरहि आहे.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजीं महू येथील लष्करी छावणींत झाला. वडील रामजी सकपाळ हे फौजेंत सुभेदार असून लष्करी शाळेंत शिक्षक होते. घराणें मंडणगड तालुक्यांतील आंबडव्याचें, म्हणजे आमच्या महाडाहून फार दूरचें नव्हे.

सातारच्या शाळेंत ह्या मुलास इतरांपासून वेगळें, गोणपाटाच्या तुकड्यावर बसावें लागे. तहान लागली तरी नळास हात लावण्याची मुभा नसे. अशा शाळेंत मन कसें रमावें? भीमराव आरंभीं मुळींच अभ्यासू नव्हते, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. आई वारलेली, वडिलांनीं दुसरें लग्न केलेलें. मुंबईच्या गिरण्यांत सातारचीं पोरें कामास लागतात असें ऐकून त्यांनींहि पळून जाण्याचें ठरविलें, आणि वाटखर्चीसाठीं आत्याबाईंची पैशांची थैली लांबविण्याचा तीन रात्रीं प्रयत्न केला. चौथ्या रात्रीं थैली हातीं आली. आंत निघाला अवघा अर्धा आणा! मुलगा मनांत लाजला. पळून जाण्याचा विचार त्यानें टाकला, आणि मन लावून शिकावयाचें व लवकर स्वतःच्या पायांवर उभें राहावयाचें असा निश्चय केला. हा निश्चय कोणी छडी उगारून करविला नव्हता.

परंतु मुलाचा निश्चय ठिणगीसारखा असतो; त्यास फुंकर घालणारें कोणी लागतें. तें काम रामजींनीं केलें. मुंबईस परळच्या चाळींत त्यांची एकच खोली होती. मुलगा लवकर निजे. रात्रीं दोन वाजतां बाप त्यास उठवी आणि मग स्वतः निजे. मिणमिणत्या दिव्यापाशीं पहाटेपर्यंत अभ्यास चाले. पुस्तकास पैसा नसला कीं रामजी सासरीं नांदणाऱ्या लेकीचे दागिने मागून आणीत, गहाण टाकीत, आणि पेन्शन येतांच सोडवून परत करीत. पुढें बागेंत एकट्याच वाचीत बसणाऱ्या ह्या मुलाकडे कृष्णराव अर्जुन केळुसकर ह्या शिक्षकांचें लक्ष गेलें. त्यांनीं त्यास पुस्तकें वाचावयास दिलीं, १९०७ सालीं तो मॅट्रिक झाला तेव्हां स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र भेट दिलें, आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ति मिळवून दिली. बडोद्याच्याच साहाय्यानें भीमराव १९१३ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठांत गेले, आणि १९२३ सालीं लंडन विद्यापीठाची डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी त्यांनीं संपादन केली.

आपणांस जें मिळालें तें इतर मुलांस द्यावें, हें त्यांचें पुढील आयुष्याचें व्रत झालें. १९२४ सालीं त्यांनीं बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली. तिनें १९२५ सालीं सोलापुरास वसतिगृह उघडलें, मुंबईस मोफत वाचनालय चालविलें, आणि तरुणांनीं जुगारादि व्यसनांच्या नादीं लागूं नये म्हणून हॉकीचा संघहि काढला. वसतिगृहांतील विद्यार्थी स्वतःचें मासिक चालवीत. निजावयास जागा, वाचावयास पुस्तक, खेळावयास सोबती आणि आपलें लिहिलेलें छापून येण्याचा आनंद, इतकें मिळालें म्हणजे मुलास विद्या आपली वाटूं लागते, हें त्यांनीं ओळखलें होतें.

आमच्या महाडाशीं त्यांचा संबंध जडला तोहि विद्येच्याच मार्गानें. लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे हे दासगांवच्या शाळेंतून शिष्यवृत्ति मिळवून आले असतां महाडच्या इंग्रजी शाळेनें त्यांस प्रवेश नाकारला. त्या लहान वयांत त्यांनीं वर्तमानपत्रास पत्र धाडलें आणि प्रवेश मिळविला; पण बसावें लागलें तें वेगळेंच. हाच मुलगा मोठा झाल्यावर १९२७ ची परिषद भरविण्यांत अग्रेसर होता. त्या परिषदेंत अध्यक्षपदावरून भीमरावांनीं आईबापांस बजावलें कीं, मुलांस शिकवावें, आणि आपल्याहून त्यांची स्थिति चांगली व्हावी म्हणून झटावें.

१९४५ सालीं त्यांनीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली. १९४६ सालीं मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय निघालें, आणि नोकरी करून शिकणाऱ्यांस सोयीचे असे सकाळचे वर्ग तेथें ठेविले गेले. ६ डिसेंबर १९५६ रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्याच सोसायटीचें, त्यांच्या नांवाचें महाविद्यालय पुढें महाडांतहि उभें राहिलें.

वाचकहो, आपल्या मुलाचें पुस्तक कोपऱ्यांत पडलेलें दिसलें म्हणजे आपण त्याजवर रागावतों. त्याआधीं रामजींची एक खोली आठवावी. घरांत मुलास बसावयास शांत कोपरा आहे काय, त्याच्यासाठीं आपण रात्रींचा एक तास जागतों काय, आणि त्याचें वाचन कौतुकानें ऐकणारें कोणी आहे काय, एवढें आपण स्वतःस विचारूं. ह्यासाठीं पैसा थोडा लागतो. माया आणि चिकाटी मात्र पुष्कळ लागते.