डॉक्टर आला नाही, म्हणून ती डॉक्टर झाली : सुझन ला फ्लेश पिकोट

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही माहीत असते. मार्च १८८६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच महाविद्यालयात एकवीस वर्षांची एक तरुणी दाखल झाली. ती अमेरिकेचीच, पण मूलनिवासी ओमाहा जमातीची. तिचे नाव सुझन ला फ्लेश. वैद्यकीय पदवी मिळवणारी मूलनिवासी समाजातील पहिली स्त्री म्हणून तिची नोंद आहे. आपल्याकडे मात्र तिचे नाव फारसे घेतले जात नाही. ते घेतले जावे, असे आम्हाला वाटते.

सुझनचा जन्म १७ जून १८६५ रोजी नेब्रास्कातील ओमाहा रिझर्व्हेशनवर झाला. रिझर्व्हेशन म्हटले की आपल्याला शिक्षणातील आणि नोकरीतील आरक्षण आठवते. तिथे या शब्दाचा अर्थ निराळा आहे. मूलनिवासींची बहुतेक जमीन करार करून काढून घ्यायची आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांना ठेवायचे, त्या तुकड्याला रिझर्व्हेशन म्हणतात. ओमाहांनी १८५४ च्या करारात आपली शिकारीची बहुतेक भूमी गमावली. गोऱ्यांच्या वसाहती पश्चिमेकडे सरकत होत्या आणि बायसनचे कळप संपत चालले होते. जमातीचे प्रमुख असलेले सुझनचे वडील जोसेफ ला फ्लेश यांनी ओळखले होते की आता मुलांना शिकवले नाही तर समाज टिकणार नाही. त्यांनी लाकडी घरांचे गाव वसवले आणि दारूला बंदी केली. जमातीतलेच काही लोक त्या गावाला गोऱ्यांची नक्कल म्हणून हसत.

सुझन लहान असताना एका आजारी म्हाताऱ्या बाईच्या उशाशी बसली होती. रिझर्व्हेशनवर सरकारने नेमलेला गोरा डॉक्टर होता. त्याला एकदा नव्हे, चार वेळा निरोप गेला. प्रत्येक वेळी येतो म्हणाला, पण आला नाही. पहाट होण्याआधी ती बाई गेली. एका इंडियन बाईच्या जिवाची त्या डॉक्टरला किंमत नव्हती, एवढे त्या मुलीला कळले. डॉक्टर होण्यामागे ही आठवण होती, असे तिनेच पुढे सांगितले.

वाट सोपी नव्हती. आधी न्यू जर्सीतील शाळा, मग व्हर्जिनियातील हॅम्प्टन संस्था. ही संस्था गुलामीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी १८६८ मध्ये सुरू झाली होती, पुढे तिथे मूलनिवासी मुलेही घेऊ लागले. शिक्षण मिळत होते, पण आपली भाषा, पोशाख आणि रीत सोडण्याच्या अटीवर. तिथल्या महिला डॉक्टर मार्था वॉल्ड्रन यांनी सुझनला वैद्यकीय शिक्षणाची दिशा दाखवली. खर्च कनेक्टिकटमधील स्त्रियांच्या एका संघटनेने उचलला, पण अट घातली : शिकत असताना आणि त्यानंतरही काही वर्षे लग्न करायचे नाही. हॅम्प्टनमध्ये सू जमातीच्या एका तरुणावर तिचे मन जडले होते. तिने ते बाजूला ठेवले. मदत देणारा माणूस कितीही भला असला तरी त्याची अट कुणाच्या आयुष्यातून वसूल होते, हे आपण विसरू नये.

१४ मार्च १८८९ रोजी ३६ जणींच्या वर्गात पहिली येऊन ती डॉक्टर झाली. पूर्वेकडच्या शहरात राहता आले असते, पण ती परत गेली. सरकारी शाळेतील मुलांसाठी नेमणूक झाली आणि थोड्याच काळात सगळी जमातच तिच्या दारात आली. वर्षाला ५०० डॉलर पगारात १,२०० हून अधिक माणसे ती एकटी सांभाळत होती. शून्याखालच्या थंडीत कधी पायी, कधी घोड्यावर, कधी बग्गीतून ती घरोघर जाई. क्षय, इन्फ्लुएंझा, हगवण, डोळ्यांची साथ, सगळे तिच्याकडे. शिवाय कुणाचे सरकारी पत्र वाचून दाखव, कुणाचा अर्ज लिहून दे, हेही तिचेच काम. कानाचे आणि मानेचे दुखणे वाढत गेले आणि १८९३ मध्ये तिला ती नोकरी सोडावी लागली.

१८९४ मध्ये तिने हेन्री पिकोट यांच्याशी लग्न केले. दोन मुले झाली, पण दवाखाना बंद झाला नाही. १९०५ मध्ये नवरा गेला. त्यानंतर स्वतःच्या मुलांच्या वारशाची जमीन त्यांच्या नावे लागावी म्हणून या शिकलेल्या डॉक्टरलाही सरकारी कचेरीशी झगडावे लागले. मग अडाण्याचे काय होत असेल? १९१० मध्ये ती ओमाहांचे शिष्टमंडळ घेऊन वॉशिंग्टनला गेली आणि जमिनीचा कारभार आमच्या हाती द्या, अशी मागणी केली.

आम्हाला तिचा मोठेपणा इथे दिसतो. रोग फक्त शरीरात नसतो, हे तिला कळले होते. दारू विकणारे आणि जमीन बळकावणारे बहुधा एकाच रांगेत उभे असत, म्हणून तिने दारूबंदीसाठी लढा दिला. सगळ्यांच्या तोंडाला लागणारा पाण्याचा एकच पेला आणि अन्नावर बसणाऱ्या माश्या यांविरुद्ध ती बोलत राहिली. १९१३ मध्ये देणग्या गोळा करून वॉल्टहिल गावात तिने रुग्णालय उभे केले. त्याचे दार मूलनिवासींना उघडे होते आणि गोऱ्यांनाही.

तिच्या सगळ्याच मतांशी आपण सहमत व्हावे असे नाही. मिशनऱ्यांच्या 'सुधारणे'च्या कल्पना तिने बऱ्याच अंशी स्वीकारल्या होत्या. त्या कल्पनांनी मूलनिवासींच्या संस्कृतीचे नुकसानही केले. पण त्याच शिक्षणाच्या बळावर तिने सरकारला जाब विचारला, हेही तितकेच खरे.

१८ सप्टेंबर १९१५ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, हाडाच्या कर्करोगाने तिचा मृत्यू झाला. रुग्णालयाला पुढे तिचे नाव दिले गेले.

आपल्या वस्त्यांतून आज मुली डॉक्टर होत आहेत. त्यांच्यावर त्यागाचे ओझे टाकावे असे आम्ही म्हणणार नाही. सुझनने ते एकटीने उचलले आणि तिचे शरीर त्यात झिजले. ती एकटी पडली याला तिच्या भोवतालची व्यवस्थाही जबाबदार होती. आज परत येणारी मुलगी एकटी पडणार नाही, हे पाहणे आपल्या संघटनांचे काम आहे. आणि त्या मुलीकडून एवढीच अपेक्षा : रात्री निरोप आला, तर तो कुणाच्या घरून आला हे तिने विचारू नये.