खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (१५ जानेवारी १९२६ – १४ ऑगस्ट १९८४) हे भारतीय कुस्तीगीर होते. हेलसिंकी येथील १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

शालेय व महाविद्यालयीन जीवन

खाशाबांचा जन्म सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब नामांकित मल्ल असल्याने कुस्तीचे बाळकडू घरीच मिळाले. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण घेत असताना त्यांनी अनेक आखाडे गाजवले. अंगयष्टी लहानखुरी असली तरी चपळाई व डावपेच यांवर त्यांचा भर असे.

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांना आर्थिक साहाय्य केले. तांबड्या मातीत घडलेल्या या विद्यार्थ्याला गादीवरील कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम जवळजवळ अपरिचित होते. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक पटकावला.

हेलसिंकी

चार वर्षांनी निवड होऊनही प्रवासखर्चाचा प्रश्न उभा राहिला. मुंबई सरकारकडे मागितलेली मदत मिळाली नाही. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, तीही अपुरी पडली. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. पगारावर संसार चालवणाऱ्या शिक्षकाने विद्यार्थ्यासाठी एवढी जोखीम पत्करल्याची उदाहरणे विरळाच.

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट (५७ किलो) गटात उतरले. कॅनडा व मेक्सिकोच्या मल्लांना त्यांनी हरवले. सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव याच्याशी मात्र त्यांना दमलेल्या अवस्थेत लढावे लागले. दोन लढतींमध्ये विश्रांतीचा नियम होता. परंतु त्यासाठी आग्रह धरणारा भारतीय अधिकारी तेथे उपस्थित नव्हता. सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशी याला, तर रौप्यपदक मामेदबेकोव याला मिळाले.

परतल्यावर कऱ्हाड परिसरात १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सत्कार आटोपताच खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्यांतून मिळालेल्या रकमेतून प्राचार्यांचे कर्ज फेडले.

उत्तरायुष्य

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले व सहायक पोलीस आयुक्त या पदापर्यंत पोहोचले. १९८४ मध्ये रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. भारताला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक १९९६ मध्ये लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये मिळवून दिले. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मरणोत्तरच मिळाला. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहास त्यांचे नाव देण्यात आले आहे.