सर्रा, स्टील आणि परळचे महाविद्यालय

हवामान आणि जनावरांचे आजार यांचा संबंध पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवायचा, तर ‘सर्रा’सारखे उदाहरण नाही. त्याचा एक धागा परळला पोहोचतो. लष्करी पशुवैद्य जे. एच. स्टील यांनी १८८५ मध्ये ब्रह्मदेशात तापाने खंगणाऱ्या खेचरांच्या रक्तात वळवळणारे परजीवी पाहिले. ग्रिफिथ इव्हान्स यांना ते पंजाबात १८८० मध्येच सापडले होते. स्टील यांनी उमदेपणाने नाव इव्हान्स यांचेच दिले. जीवाची जात ओळखण्यात मात्र ते चुकले. १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, स्टील पहिले प्राचार्य. १८९१ मध्ये ते वारले. रक्त पिणाऱ्या गोमाश्या सर्रा पसरवतात, हे नंतर सिद्ध झाले. या माश्या उबदार, दमट हवेत वाढतात. पाऊस लांबला की त्यांचा हंगामही लांबू शकतो.