श्रीगाडगेमहाराज : दुखावल्या जिवाचा विसावा



आश्वासन हा शब्द आपण सभांतून नेहमी ऐकतो. त्याचा अर्थ आता वचन देणे एवढाच उरला आहे. पण मूळ धातू श्वस्, म्हणजे श्वास घेणे. आश्वासन म्हणजे दुसऱ्याला श्वास घेऊ देणे. धावून, भिऊन, रडून ज्याचा दम तुटला, त्याला घटकाभर दम घेऊ देणे, हेच खरे आश्वासन. हा अर्थ ग्रंथात वाचायला मिळतो. तो जगलेला पाहायचा तर श्रीगाडगेमहाराजांच्या चरित्राकडे वळले पाहिजे.

महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुळात झाला. वडील झिंगराजी, माता सखूबाई, आणि मुलाचे नाव डेबूजी. वडिलांना दारूने नेले तेव्हा पोर लहान होते. माय लेकराला घेऊन दापुऱ्यास माहेरी आली. तिथे डेबूजीने गुरे राखली, नांगर धरला, शेत पिकविले. मामाची जमीन सावकाराच्या कागदात कशी अडकते आणि त्या धसक्याने धट्टाकट्टा माणूस कसा खचतो, तेही त्याने उघड्या डोळ्यांनी पाहिले. दारू, कर्ज आणि निरक्षरता या तीन दुःखांची ओळख त्याला पोथीतून झाली नाही, घरातच झाली.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजीने घर सोडले. अंगावर चिंध्यांचे पांघरूण, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि सोबत मातीचे गाडगे. त्या गाडग्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. गावात पाऊल पडले की आधी हातचा खराटा चालायचा. दिवसा गावाचा रस्ता झाडायचा आणि रात्री कीर्तनात माणसाचे मन झाडायचे, असा त्यांचा क्रम. मजुरी म्हणून भाकरतुकडा घ्यावा आणि पुढच्या गावची वाट धरावी.

कीर्तन वऱ्हाडी बोलीत. महाराज श्रोत्यांनाच प्रश्न करीत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. कर्ज काढून लग्ने का करता, देवापुढे मुके जनावर का कापता, लेकरू शाळेत का नाही? बोल कडक असे, पण त्यात एक ओलावा होता. आपल्या घरची लाज मनात कोंडून बसलेला माणूस हजारोंच्या घोळक्यात आपलीच कहाणी ऐके. शेजारचाही मान हलवतो आहे, हे त्याला दिसे. हे ओझे माझ्या एकट्याच्याच डोक्यावर नाही, एवढे कळले तरी निम्मे हलके होते.

पण महाराज नुसत्या शब्दांवर थांबले नाहीत. ऋणमोचनच्या जत्रेत आंधळ्या-पांगळ्यांना ते अन्न देत. तेथे पूर्णेवर त्यांनी घाट बांधविला. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरीत ज्यांना त्या काळी कोणी ओसरीवर टेकू देत नसे, त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा झाली. १९५४ साली मुंबईस जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा झाली. ही गोष्ट मनात घोळवावी. आजाऱ्याला खाट मिळते, वैद्य मिळतो. पण त्याच्या पायथ्याशी बसलेली आई, परक्या शहरात भेदरलेला बाप, यांनी पाठ कुठे टेकावी? त्यांचा रोग कोणत्याही कागदावर लिहिलेला नसतो. महाराजांनी तो ओळखला आणि त्यावर छप्पर घातले.

आता कोणी शंका काढील की, जगाला निवारा देणाऱ्याने स्वतःच्या घराचे काय केले? शंका रास्त आहे. मागे राहिलेल्या कुंताबाईंनी फार सोसले. एवढ्या इमारती उठल्या, पण महाराजांनी त्यांतली एकही आपली म्हटली नाही, आणि घरच्या माणसांनाही झोपडीतच ठेवले. या त्यागाची किंमत त्या माउलीनेही मोजली, हे विसरून चरित्र गाऊ नये. आपण गृहस्थाश्रमी वारकरी. घर सोडण्याचा भाग त्यांचा, खराटा उचलण्याचा भाग आपला.

आणि त्यांचे स्वतःचे दुःख? १९२३ साली महाराज कोकणात खारेपाटण येथे कीर्तनात उभे असता एकुलता एक मुलगा गोविंद गेल्याची वार्ता आली. त्यांनी कीर्तन सोडले नाही. बाप दगडाचा होता म्हणून नव्हे. आपले दुःख जगाच्या दुःखात मिसळून टाकण्याची जन्माची सवय होती, ती त्या रात्री कामी आली. दुसऱ्याचे डोळे पुसणाऱ्याला आपल्यापुरता आधार आयत्या वेळी शोधावा लागत नाही; तो रोजच्या सेवेतच साठत असतो.

देणाऱ्याला घेताही आले पाहिजे. १९४९ साली महाराज मुंबईत आजारी होते. तेव्हा कायदेमंत्री असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन घोंगड्या घेऊन त्यांच्या भेटीस आले. कोणाकडून काही न घेणाऱ्या महाराजांनी त्या घोंगड्या घेतल्या, असे सांगतात. पंढरपूरची ती चोखामेळा धर्मशाळाही त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती दिली. प्रेमाने आलेली ऊब नाकारणे हा एक सूक्ष्म अहंकारच. महाराजांपाशी तोही नव्हता.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी, प्रवासातच त्यांनी देह ठेवला. चालता माणूस वाटेतच विसावला.

आम्हा कीर्तनकारांना यात मोठा धडा आहे. घरात मृत्यू झाला की आम्ही लगेच देहाच्या अनित्यतेचे निरूपण मांडतो. सिद्धांत खरा, पण वेळ चुकली की तोही दगडासारखा लागतो. आधी पाणी द्यावे, चूल पेटवावी, लेकरांना जेवू घालावे, मुकाट्याने जवळ बसावे. वेदांत दहा दिवस थांबू शकतो. येत्या वारीत दिंडीत कोणी मागे पडलेला, पायाला फोड आलेला, घरून दुःख घेऊन निघालेला भेटेल. त्याला उपदेश करण्याआधी त्याची पडशी आपल्या खांद्यावर घ्यावी. त्याने एक मोकळा श्वास घेतला, की आपली वारी तिथेच विठ्ठलचरणी रुजू झाली असे समजावे.

रामकृष्णहरी.