सर शेषाद्री अय्यर आणि कोलारचे सोने

म्हैसूर संस्थानाच्या अर्वाचीन इतिहासात सर के. शेषाद्री अय्यर यांचे नाव आदराने घेतले जाते. मलबारातील पालघाटजवळील कुमारपुरम् येथे १८४५ साली त्यांचा जन्म झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवी घेऊन १८६८ साली ते म्हैसूरच्या सेवेत रुजू झाले आणि रंगाचार्लू यांच्या निधनानंतर १८८३ साली दिवाणपदी आरूढ झाले. त्या वेळी १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळाने संस्थान खचले होते आणि तिजोरीवर कर्जाचा भार होता.

अशा समयी कोलारच्या भूगर्भाकडे सर्वांचे लक्ष लागले. तेथे प्राचीन काळी सोने काढणाऱ्यांनी खोदलेली खोल विवरे ओस पडली होती. वॉरन या अधिकाऱ्याने १८०२ साली त्यांची पाहणी केली होती. लॅव्हेल नामक आयरिश सैनिकाने १८७५ साली खोदकामाची परवानगी मिळविली. पुढे आलेल्या कंपन्यांचा पैसा मात्र वरवरच्या खोदकामातच आटत चालला. १८८० साली जॉन टेलर आणि सन्स या पेढीने सूत्रे हाती घेतली आणि भांडवल संपत आले असता प्राचीनांनी सोडलेल्या विवरांखालीच खोल खणण्याचे धाडस केले. तेथे 'चॅम्पियन' ही समृद्ध सुवर्णशिरा लागली आणि मृतप्राय खाण सजीव झाली. खाणींच्या उत्पन्नातील वाटा संस्थानाच्या तिजोरीत येऊ लागला.

परंतु खाण जसजशी खोल गेली, तसतसे पाणी उपसणे, खडक वर ओढणे व कुटणे यांसाठी वाफेच्या यंत्रांना लागणारे इंधन डोईजड होऊ लागले. शेषाद्री अय्यर यांची दूरदृष्टी येथे प्रकट झाली. शिवसमुद्र येथील कावेरीच्या धबधब्यावर वीज निर्माण करून ती सुमारे ९२ मैलांवरील कोलारला न्यावयाची, ही योजना त्यांनी उचलून धरली. एवढ्या अंतरावर वीज वाहून नेणे तेव्हा जगातही नवलाचे होते. शंका घेणारे थोडे नव्हते. जोली द लॉटबिनियर या अभियंत्याकडे काम सोपवून आणि खाणमालकांशी करार करून दिवाणसाहेबांनी ते मार्गी लावले.

दैवगती मात्र निराळी होती. प्रकृती ढासळल्याने १९०१ साली त्यांनी दिवाणपद सोडले आणि त्याच वर्षी १३ सप्टेंबर रोजी त्यांचे देहावसान झाले. ३० जून १९०२ रोजी कावेरीची वीज कोलारला पोहोचली. तो सोहळा पाहण्यास ते हयात नव्हते.

कोलारची खाण ३ किलोमीटरांहून अधिक खोल गेली. तिने सुमारे ८०० टन सोने दिले; ते काढताना खडक फुटून अनेक श्रमिकांचे प्राणही गेले. २००१ साली ती बंद झाली. सोने संपते, पण त्या सोन्यासाठी आणलेल्या विजेने १९०५ साली बंगलोरचे रस्ते उजळले आणि पुढे उद्योगांना बळ दिले. आपण लावलेल्या वृक्षाची सावली पुढील पिढीस मिळावी, एवढ्यावर संतुष्ट राहणारा कर्ता पुरुष विरळा. आपल्या कुटुंबांतील तरुणांनी या चरित्रातून एवढे जरी घेतले, तरी पुष्कळ झाले.