विश्लेषण : ‘नैरोबी फ्लाय’ला शास्त्रीय नाव देणारे एरिक्सन कोण होते?

नावात फ्लाय असली तरी नैरोबी फ्लाय ही माशी नाही. तो लाल-काळा भुंगेरा आहे. तो चावत नाही, डंखही मारत नाही. पण अंगावर चिरडला गेला की त्यातील पेडेरिन या विषाने त्वचा भाजल्यासारखी होते. पूर्व आफ्रिकेत या नावाने दोन प्रजाती ओळखल्या जातात. त्यातील एक ‘पेडेरस सबेयस’. तिच्या नावापुढे आजही लिहिले जाते : एरिक्सन, १८४०.

विल्हेल्म एरिक्सन यांचा जन्म १८०९ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावरील श्ट्रालझुंडचा. १८३४ पासून बर्लिनच्या संग्रहालयातील भुंगेऱ्यांचा संग्रह त्यांच्याकडे होता. पेडेरस ज्या कुळातला, ते रोव्ह बीटल म्हणजे मोठीच डोकेदुखी. बहुतेक जण इवलेसे, लांबट, आखूड पंखझाकणांचे. वरवर पाहता सगळे सारखेच. वर्णनाला फोटो जोडायची सोय नव्हती. शब्द वाचूनच दुसऱ्या देशातल्या अभ्यासकाला किडा ओळखता यायला हवा होता. एरिक्सन यांनी तोंडाचे अवयव, मिशा, पायांची पेरे तपासून गट पाडले आणि १८३९-४० मध्ये जगभरातील रोव्ह बीटलवर ९०० हून अधिक पानांचा लॅटिन ग्रंथ काढला. तेव्हा ते जेमतेम तिशीचे होते! १८४३ मध्ये अंगोलातील कीटकांवरही त्यांनी लिहिले.

१८४८ मध्ये, ३९ व्या वर्षी, बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले. पेडेरिन बनवतात ते भुंगेऱ्याच्या शरीरातले जीवाणू, हे कळायला त्यांच्या ग्रंथानंतर दीडशेहून अधिक वर्षे लागली. या कुळात आता ६० हजारांहून अधिक प्रजातींची नोंद आहे. तरीही आफ्रिकेत नवा पेडेरस सापडला, तर तो एरिक्सन यांनीच आधी नोंदवलेला नाही ना, हे पाहावेच लागते.