विश्लेषण : डीडीटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या रेचेल कार्सन कोण होत्या?

दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना टायफस आणि हिवतापापासून वाचवणारे डीडीटी युद्ध संपताच अमेरिकेतील शेतांत, बागांत पोहोचले. त्याचा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ मध्ये नोबेल मिळाले. त्याविरुद्ध बोलणे तेव्हा वेडेपणाच होता. तो रेचेल कार्सन यांनी केला.

समुद्राकडून मातीकडे

जन्म १९०७ चा, पेनसिल्व्हेनियातील स्प्रिंगडेलचा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्यांनी प्राणिशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. वडिलांच्या निधनानंतर घराचा भार त्यांच्यावर आला आणि त्या सरकारी मत्स्य विभागात लागल्या. समुद्रावरील त्यांचे पुस्तक १९५१ मध्ये गाजले, तेव्हा नोकरी सोडून त्या पूर्णवेळ लेखिका झाल्या.

जानेवारी १९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एका मैत्रिणीचे पत्र आले. डासांसाठी विमानातून झालेल्या फवारणीनंतर तिच्या आवारात पक्षी मरून पडले होते. कार्सन यांनी पुरावे गोळा करायला घेतले. त्यातला मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या आवारातला पुरावा सर्वांत बोलका. तिथे एल्मच्या झाडांवर डीडीटी फवारले जाई. पाने गळून मातीत मिसळत, गांडुळे ती खात, विष त्यांच्या शरीरात साठे आणि वसंतात परतणारे रॉबिन पक्षी ती गांडुळे टिपून मरत. फवारणी थांबली तरी मातीतले डीडीटी वर्षानुवर्षे टिकते, हे यातून दिसले.

आजार आणि आरोप

लिहिता लिहिताच १९६० मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली. आजार त्यांनी लपवला. कळला असता तर टीकाकारांनी पुस्तकालाच आजाराची सूडभावना ठरवले असते. ‘सायलेंट स्प्रिंग’ सप्टेंबर १९६२ मध्ये आले. रसायन उद्योग तुटून पडला, त्यांना भावनावश बाई ठरवले गेले. वास्तविक त्यांनी सरसकट बंदी कधीच मागितली नव्हती. आक्षेप बेसुमार, परिणाम न तपासता होणाऱ्या वापराला होता. मे १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीने त्यांच्या मांडणीला बळ दिले. पुढच्या महिन्यात त्यांनी सिनेट समितीपुढे साक्ष दिली, तेव्हा आजार बळावला होता.

१४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली १९७२ मध्ये. भारतात शेतीतील वापर १९८९ मध्ये थांबवण्यात आला. डासांसाठी मात्र त्यानंतरही फवारणी होत राहिली.